बल्गेरियाला जाण्याचं कारण

सुबोध घाडी त्या दुपारी बल्गेरियाला जायला आला नव्हता. तो आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आला होता.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी एका गाळ्यात मधोमध प्लायवूड ठोकून दोन धंदे चालतात. डावीकडे दादूची झेरॉक्स, उजवीकडे 'दिगंत टूर्स'. दादूचं मशीन तापलं की तो गिऱ्हाइकाला "पाच मिनिटं बाजूला बसा" म्हणून उजवीकडे धाडतो, कारण एसी उजवीकडे आहे. आजवर अशी शेकडो माणसं दिगंत टूर्समध्ये बसून, गार होऊन, निघून गेली होती. एकानेही तिकीट काढलं नव्हतं. त्यामुळे एप्रिलातल्या त्या दुपारी दार उघडलं तेव्हा संघमित्रा तायडेने कॉम्प्युटरवरची नजर न काढताच विचारलं,

"झेरॉक्स?"

"हो."

"बसा."

तो बसला. घामाने चष्मा धुरकट झाला होता म्हणून त्याने तो काढला, शर्टाच्या टोकाला पुसू लागला. नेमकं तेव्हाच तिने वर पाहिलं. चष्मा काढलेला माणूस जरा बिचारा दिसतोच. हा मात्र बिचारा दिसत असतानाही बरा दिसत होता, आणि हे अवघड काम आहे. त्याने चष्मा घातला, समोर पाहिलं, आणि पुसण्याचं काम आता संपलंय हे विसरून हात तसाच फिरवत राहिला.

"झाली वाटतं झेरॉक्स," ती म्हणाली. प्लायवूडपलीकडून दादू तिसऱ्यांदा हाक मारत होता.

"हो... नाही, म्हणजे — हे कुठलं आहे?"

त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एक पोस्टर होतं. पिवळी वाळू, निळ्या छत्र्यांच्या रांगा, मागे लाल कौलांचं जुनं गाव. ते पोस्टर सहा वर्षं तिथे होतं आणि त्याबद्दल आजतागायत कोणी काही विचारलं नव्हतं.

"बल्गेरिया. सनी बीच."

"अच्छा. तिथे... समुद्र आहे?"

"बीच आहे म्हणजे असावा."

"नाही, आई-बाबांना कुठेतरी न्यायचं आहे. किती दिवस लागतात?"

तर अशा रीतीने दिंडोशीच्या घाडी कुटुंबाची युरोपची सहल ठरली. माणसाला आणखी दहा मिनिटं खुर्चीवर बसायचं होतं आणि भिंतीवर दुसरं पोस्टर नव्हतं. असतं, तर कदाचित ते केनियाला गेले असते.

घरी मात्र सुबोधला वाटला होता तितका विरोध झाला नाही. त्याच्या आईला, शेवंतीबाईंना, बल्गेरिया कुठे आहे हे माहीत नव्हतं, आणि त्यांना तो देश आवडला तो याच कारणासाठी. त्यांच्या इमारतीत दुबई सगळ्यांची झाली होती. बाली दोघांचं झालं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई स्वित्झर्लंडहून आल्यापासून बर्फाशिवाय बोलतच नव्हत्या. शेवंतीबाईंना असा देश हवा होता, जिथे जाऊन आल्यावर जिन्यात कोणी "आम्ही गेलो होतो, एवढं काही नाही तिथे" म्हणू शकणार नाही. बल्गेरिया या कसोटीला पुरेपूर उतरला.

त्याचे वडील गुणाजी घाडी तीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिले होते आणि मूळचे मालवणजवळच्या एका वाडीतले. घराच्या पडवीतून समुद्र दिसायचा. त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि सुबोध तो घेऊन दुसऱ्या दिवशी मरोळला हजर झाला.

"बाबा विचारतात, तिथे भरती किती वाजता येते?"

संघमित्राने शोधलं. मग जरा संकोचाने म्हणाली, "तो काळा समुद्र आहे. त्याला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच."

तिसऱ्या दिवशी सुबोध उत्तर घेऊन आला. "बाबा म्हणतात, मग तो समुद्र नाय, तळी."

"बाबांना सांगा, तळ्यात जहाजं चालत नाहीत."

"आणि आईचं म्हणणं, काळा समुद्र कशाला? शुभ कामाला निघताना काळं..."

"सांगा, नावच तेवढं काळं. पाणी निळं आहे."

"आणि मासे?"

"त्सात्सा म्हणून बारीक मासळी असते. पिठात घोळवून, कुरकुरीत तळून देतात. अख्खी खायची. आपल्या मांदेलीसारखी."

"तुम्ही मांदेली खाता?"

"मूळचे अकोल्याचे असलो म्हणून काय झालं! माझा जन्म घाटकोपरचा आहे."

"नाही, तसं नाही..." तो घाईने म्हणाला, "म्हणजे... बरं वाटलं."

पलीकडच्या टेबलावर बसणारी चेतना खोकली. तिला खोकला झालेला नव्हता.

व्हिसाच्या फाइलीला बारा कागद लागतात. शहाणा माणूस दोन फेऱ्यांत बारा कागद देतो. सुबोध घाडी त्याच वसाहतीत लिफ्टचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला होता. दहा हजारांतला एक वाकडा स्क्रू त्याला लांबून दिसायचा. पण फाइलीच्या बाबतीत त्याची नजर अधू झाली होती. सोमवारी त्याने आईचा पासपोर्ट आणला. बुधवारी बाबांचा. "एकदम नाही का आणता येत?" तिने विचारलं तर म्हणाला, "हरवले तर? रिस्क नको." फोटो आणले ते चुकीच्या मापाचे. योग्य मापाचे आणले त्यात आई हसत होती. व्हिसाच्या फोटोत हसायचं नसतं.

आणि संघमित्रा तरी काय! कार्यालयात सहा वर्षं काढलेली बाई, कागदांची यादी तिला झोपेत पाठ. तीसुद्धा अधूनमधून "हे पत्र लेटरहेडवर लागेल" म्हणायची, आणि लेटरहेडवर आणलं की "शिक्का अस्पष्ट आहे" म्हणायची. शिक्का चांगला ठळक असायचा.

"तुझा बल्गेरिया आला बघ," चेतना काचेतून बघून सांगायची.

"माझा कशाला?"

"मग काय माझा? मी त्याला एकदा स्वतःहून सांगितलं, बाकीचे कागद ईमेल करा. कसला घाबरला गं! म्हणतो, आमचं नेट स्लो आहे."

मे महिना निम्मा झाला. मरोळ नाक्यावरच्या टपरीवर दोघांचा चहा दोनदा झाला, 'तुम्ही'चं 'तू' झालं, पण त्यापुढे गाडी सरकेना. तो बोलायचा खूप. हॉटेलला गॅलरी आहे का, बर्गासच्या विमानतळावरून बस किती वेळ घेते, नेसेबर नावाचं ते जुनं गाव पायी बघता येतं का. मग एकदम तिच्याकडे बघायचा, "संघमित्रा..." म्हणायचा. ती श्वास धरायची. आणि तो म्हणायचा, "स्टेपलर आहे?"

हसू यायचं तिला. पण घरी जाताना यायचं नाही. एकच कागद उरला होता. शुक्रवारी सकाळी व्हिसा सेंटरची वेळ होती. एकदा फाइल गेली, की मग या माणसाने कुठल्या निमित्ताने यायचं? झेरॉक्स तर दिंडोशीतही निघते. आणि त्याने बोलू नये याला कारणं असू शकत होती. तिच्या टेबलावर बाबासाहेबांचा फोटो होता. तो त्याला पहिल्या दिवसापासून दिसत होता, आणि चष्म्याचा नंबर बरोबर होता. आपण स्वतः विचारावं? पण मग हा "आई-बाबांना विचारून सांगतो" म्हणाला, तर ते ऐकायची तिची तयारी नव्हती. न विचारलेल्या प्रश्नाला निदान वाईट उत्तर येत नाही.

गुरुवारी दुपारी दार उघडलं ते ढकलून नव्हे, धडकून. पुढे शेवंतीबाई, हातात भिंतीवरून उतरवलेलं अख्खं कॅलेंडर. मागे गुणाजी, हातात पिशवी.

"तायडे कोण?"

"मीच, काकू. बसा ना."

"बसतंय मगे. आधी ह्यां बघ." त्यांनी कॅलेंडर टेबलावर उलगडून सप्टेंबरावर बोट रोवलं. "जावचां दहाक. येवचां अठराक. आणि चवथ कधी हा? चौदाक! गणपती घरात बसतलो आणि आमी थंय वाळूत लोळतलों?"

संघमित्राने पाहिलं आणि तिचे कान गरम झाले. गेल्या वर्षी गणपती ऑगस्टातच बसले होते. यंदा मध्ये अधिक महिना घुसला होता. तिच्या घरी गणपती बसत नाही. तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. सप्टेंबरात गर्दी कमी, पाणी अजून कोमट, म्हणून तिनेच ती तारीख सुचवली होती.

"चूक माझी आहे, काकू. पण मी सुबोधला विचारलं होतं, चालेल ना... तर तो म्हणाला, झकास."

"झकास म्हणालो तो?" शेवंतीबाईंनी विचारलं.

"दोनदा."

शेवंतीबाई खुर्चीत बसल्या. राग कुठल्या कुठे गेला, आणि चेहऱ्यावर एखादं कोडं सुटल्याचा भाव आला.

"ऐकलांत?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कोकणातलो माणूस. नोकरी सोडीत, रजा बुडवीत, पण चवथीक गावाक जातलो. आणि आमचो झील चवथ विसारलो. दोनदा झकास म्हणालो. तापबीप नाय तेका, मियां कपाळ बघलंय." मग त्यांनी संघमित्राकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश. मग टेबलावरच्या फोटोकडे पाहिलं, आणि परत तिच्याकडे. "म्हयनोभर मरोळ मरोळ करता हा. मरोळात बघण्यासारखां काय हा, तां आज कळला."

चेतनाने फोन उचलून कारखान्यात लावला. पाच मिनिटांत सुबोध धापा टाकत आला. आईला, बाबांना आणि कॅलेंडरला एकत्र पाहून त्याने जे ओळखायचं ते ओळखलं.

"वाट लागली," तो म्हणाला.

पण कामाची बाई काम सोडत नाही. संघमित्राने तोवर फोन फिरवले होते. सहल ऑगस्टात आणायची तर सनी बीचची हॉटेलं भरलेली होती, पण नेसेबरला एक छोटं घरगुती हॉटेल मिळालं. दोन खोल्या, खाली स्वयंपाकघर, गॅलरीतून समुद्र. विमानाच्या तारखा बदलल्या. सुबोध तिच्या शेजारी उभा राहून नवे कागद लावत होता. आज प्रत्येक कागद पहिल्या फटक्यात बरोबर लागत होता, आणि ते दोघांनाही आवडत नव्हतं.

"झालं," ती शेवटी म्हणाली. "फाइल पूर्ण."

गुणाजी उठले. त्यांनी पिशवीतून नारळ काढला आणि फाइलीवर ठेवला. गावात गाऱ्हाणं घालण्याचा मान घाडींचा. कामाला निघण्याआधी देवाला सगळं मोठ्याने सांगायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला हुंकार भरायचा. त्यांनी टोपी सारखी केली, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां समुद्रापल्याड जावक निघाली हत, तेंच्या वाटेत कसला विघ्न येव नये!"

"व्हय म्हाराजा!" शेवंतीबाई म्हणाल्या. प्लायवूडपलीकडून दादूही म्हणाला. तो देवगडचा होता.

"तेंचो व्हिसा येळेर येवंदे!"

"व्हय म्हाराजा!" यात चेतनासुद्धा सामील झाली.

"बायकोच्या गुडघ्याक त्या गार पाण्याचो तरास होव नये!"

"व्हय म्हाराजा!"

गुणाजी थांबले. त्यांचा आवाज जरा खाली आला.

"आणि आमच्या झिलाचा ह्या चेडवावर मन बसला हा, म्हाराजा... तो वाकडे स्क्रू बरे शोधता, पण तेच्या तोंडातून शबूद फुटणा नाय. तेका बोलाचो धीर दी रे, म्हाराजा!"

पलीकडे दादूचं मशीन थांबलं. सुबोधच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"काका, थांबा," ती म्हणाली. "रागावू नका. पण मी देव मानत नाही. आमच्या घरात कोणीच मानत नाही. त्यामुळे माझ्या बाबतीत देवाला त्रास देऊ नका." ती सुबोधकडे वळली. आवाज थरथरला, तो तिने थरथरू दिला. "तुला काही विचारायचं असलं, तर मला विचार. मी इथेच आहे."

सुबोधने चष्मा काढला नाही. पुसलाही नाही.

"मला गणपतीची तारीख माहीत होती," तो म्हणाला. "म्हणजे... माहीत असायला हवी होती. तू विचारलंस तेव्हा तुझे केस कपाळावर आले होते आणि तू ते फुंकरीने उडवत होतीस. मी तेच बघत होतो. तू म्हणाली असतीस, उद्या निघायचं, तरी मी झकास म्हणालो असतो. मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून. तुझ्या घरी देव नाही तर नाही. माझ्याशी... लग्न करशील?"

"हो," संघमित्रा म्हणाली. बस, एवढंच. इतक्या दिवसांत तिने दिलेलं सर्वात छोटं उत्तर.

शेवंतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. "मगे ह्या नारळाचा काय करायचा?" त्या जरा गडबडून म्हणाल्या. "तां मानणा नाय म्हणता..."

"फोडा की, काकू," संघमित्रा हसत म्हणाली. "खोबरं मी मानते."

दारातल्या पायरीवर गुणाजींनी एका घावात नारळ फोडला. पाणी दादूने ग्लासात धरलं. सुबोधने खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि हात तिथेच राहू दिला.

"रविवारी घाटकोपरला ये," ती हळूच म्हणाली. "आईला भेटायला."

"काय बोलू मी त्यांच्याशी?"

"आता बोललास तेच. फक्त लवकर बोल. ती शाळेत शिकवते. पोरगा उत्तराआधी फार वेळ छताकडे बघायला लागला, की ती पुढच्याला उभं करते."

"पुढचा... आहे कोणी?"

"तू वेळ लावलास तर शोधेल ना!"

सुबोधने तिथेच, पायरीवर उभा राहून, हलक्या आवाजात रविवारची तयारी सुरू केली. "काकू, नमस्कार, मी सुबोध, मला तुमची मुलगी आवडते..." पहिल्यांदा तो अडखळला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळेला संघमित्राने त्याचा हात दाबला, आणि तो न अडखळता शेवटापर्यंत गेला.