स्वरूपाच्या बोटांचा वास

मेटपल्लीच्या सरकारी दवाखान्यात, व्हरांड्यातल्या बाकावर स्वरूपा बसली होती. आई आत खोकल्याचं औषध घ्यायला गेली होती. शेजारी एक तरुण येऊन बसला, उठला, पुन्हा बसला... समोरच्या दारावर पाटी होती — ‘बिडी-सिगारेट सोडण्यासाठी मदत’. आत वाघ बांधलेला असावा तसा तो त्या दाराकडे बघत होता.

मग त्यानं नाक फेंदारलं. “इथं कुणी बिडी ओढतंय का हो?”

स्वरूपानं दोन्ही हात ओढणीखाली घेतले. “ओढत नाही कुणी. मी वळते.”

“अरे देवा!” त्यानं कपाळावर हात मारला. “सोडायला आलो, तर कारखानाच शेजारी येऊन बसला!”

“कारखाना आधीपासून इथंच होता. तुम्ही येऊन बसलात.”

तो हसला. हसता हसता खोकला. आणि आतून हाक आली, “साईलू कोण?”

दार उघडंच राहिलं. आतल्या यादम्मा मॅडमचा आवाज खणखणीत होता. “बाळा, एक ते दहामध्ये सांग, सोडायची तयारी किती?”

“चार... असेल.”

“चारच का, म्हणून नाही रागावणार. दोन का नाही, ते सांग.”

खुर्ची करकरली. मग तो म्हणाला, “कोंडगट्टूच्या देवळाच्या पायऱ्या चढताना अर्ध्यात खाली बसलो. काठी टेकत एक आजी पुढं गेली. जाताना म्हणाली, ये हं सावकाश, देव थांबेल.”

बाहेर स्वरूपा खुदकन हसली. आत ते ऐकू गेलं.

“घरी सोबत कोण आहे? हुक्की आली की ज्याला फोन करशील असं?”

“घरी सगळेच ओढतात, मॅडम. गॅरेजमध्येही तेच.” त्यानं दाराकडे बघितलं. “बाहेर एक मुलगी आहे... चांगली हसते.”

मॅडमनं तिला आत बोलावलं. स्वरूपा लाजेनं लाल झाली. “मी? मी तर बिडी करणारी...”

“मग शत्रूची सगळी माहिती आहे तुला,” मॅडम म्हणाल्या. “हुक्की थोडाच वेळ टिकते गं. तेवढा वेळ याला बोलण्यात गुंतवायचं, बस.”

फोन दुसऱ्याच दिवशी आला.

“काय करताय?”

“तुमच्या वैरिणींना दोरा बांधतेय.” मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, कानाशी खांद्यानं दाबलेला फोन... “बोला. आज जेवायला काय होतं?”

“डाळ-भात. नि... एकटेपणा.”

“तो कच्चा खाऊ नका, फोडणी द्या थोडी.”

आई खोकत खोकत तिच्याकडे बघायची, पण विचारायची नाही काही. हळूहळू ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. तो लवंग चघळायला लागला, पाणी प्यायला लागला, गॅरेजमध्ये धूर सुटला की उठून चालायला लागला. फोन मात्र कमी होईनात.

“खरं सांग, साईलू. आत्ता हुक्की आली होती?”

“आली होती की.”

“बिडीची?”

“...असं विचारायचं नसतं.”

ती त्या संध्याकाळी उगाचच आरशासमोर जाऊन आली.

बतुकम्माचे, फुलांच्या सणाचे दिवस आले. तळ्याच्या बांधावर बायका फुलांभोवती फेर धरून गात होत्या. स्वरूपानं चिंचेनं हात घासले, लिंबानं घासले, केसांत मोगरा माळला. फुलं पाण्यात सोडून झाल्यावर ती बांधाच्या कडेला आली, तिथं साईलू उभा होता — नवा सदरा, अवघडलेला.

“एक ते दहामध्ये किती, ते मला विचार ना,” तो म्हणाला.

“सोडायची तयारी?”

“नाही. तू आवडतेस, ते.”

ती खाली बघत राहिली. “किती?”

त्यानं तिचा हात हातात घेतला, ओठांशी नेला... आणि तसाच थांबला. डोळे मिटले. नाकपुड्या फुलल्या. एक लांब श्वास त्यानं आत ओढला, आणखी एक ओढला. तो श्वास स्वरूपानं ओळखला. बिडी नाकाशी धरून गिऱ्हाइकं असाच श्वास ओढतात. चिंच, लिंबू, मोगरा — सगळ्यांच्या खाली तो वास होताच.

तिनं हात सोडवून घेतला. त्यानंतर दोन दिवस फोन आला नाही.

तिसऱ्या दिवशी आला. “ओढली मी. त्याच रात्री. बंडलच घेतलं.” त्याचा आवाज फाटला होता. “मॅडमकडे गेलो होतो. म्हणाल्या, घसरलास म्हणजे संपलं असं नाही. कशानं आठवण झाली ते शोध, त्यापासून लांब राहा, पुन्हा सुरू कर.”

“मग? कशानं झाली?”

“सणाची गर्दी होती... दोस्त होते...”

“साईलू.”

“...तुझ्या बोटांच्या वासानं.”

ती त्याला बसस्टँडवर भेटली. “तू वळणं सोड,” तो म्हणाला. “मी कमावतो ना.”

“आईचा दम बघितलास? धाकटीची शाळा आहे. दुसरं काय येतं मला? लहानपणापासून हेच.” तिनं ओठ चावला. “उद्या लग्न झालं तरी माझ्या केसांत, चादरीत, भातात हाच वास असेल. तू रोज लढशील. आणि एक दिवस हरशील... माझ्याच कुशीत.”

“हरलो तर हरलो! तू तर असशील!”

“मला तू हवास, जिवंत. बाबा बिडीनंच गेले. दवाखान्यात उचलून नेताना मी पाहिलंय त्यांना. छाती नुसती भाता झाली होती.”

करीमनगरला त्याची थोरली बहीण होती. भावोजींनीही कधीकाळी सोडली होती, घरात कुणी ओढत नव्हतं, गॅरेजचं कामही मिळत होतं. स्वरूपानंच त्याला तिकडे जायला लावलं. बहिणीला फोनही तिनंच केला — “अक्का, याला हुक्की आली की बोलत बसा. डाळ-भाताचं विचारलं तरी चालतं.”

निघायच्या दिवशी ती आली, पण लांबच उभी राहिली.

“जवळ ये ना,” तो म्हणाला.

“वारा माझ्याकडून तुझ्याकडे वाहतोय. तू तिथंच थांब.” मग आवाज सावरत, सगळ्या बसस्टँडला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली, “मला तू फार आवडतोस. ऐकलंस? फार...!”

शेंगा विकणारी बाई वळून बघायला लागली. साईलूनं मान हलवली. बस हलली. खिडकीतून तो दिसेनासा होईपर्यंत ती तिथंच उभी होती, हात पाठीमागे घट्ट धरून.

घरी येऊन तिनं सूप मांडीवर घेतलं. पान, तंबाखू, वळण, दोरा. बोटं आपोआप चालली. आणि डोळे भरून आले... गालांवरून धार लागली. हात तंबाखूनं माखलेले. पुसायला जावं तर डोळ्यांची आग आग होईल. ती तशीच वळत राहिली, ओघळ हनुवटीवरून सुपात पडत राहिले.

आई खोकत खोकत उठली. काही न विचारता समोर बसली, आणि आपल्या पदराच्या कोऱ्या टोकानं लेकीचे डोळे पुसत राहिली.