एक सूत डावीकडे

"बॉक्सवर थापट्या मारून पाऊस थांबत नाही," काका म्हणाले. "बसा गप."

बाहेर संध्याकाळपासून कोसळत होतं. मॅच ऐन रंगात आली असताना चित्राचे तुकडे तुकडे झाले, आवाज अडखळला आणि निळ्या पडद्यावर तीच ती ओळ आली: सिग्नल उपलब्ध नाही. पुतण्याने रिमोट सोफ्यावर आपटला. भाचीने तो उचलून उगाच दोनदा दाबला.

"काय फालतू डिश आहे," पुतण्या म्हणाला.

"डिशला नावं ठेवू नकोस. बसवणाऱ्याला ठेव. ती बिचारी दाखवशील तिकडे बघते." काकांनी टीव्ही बंद केला. बोर्डावरचा लाल दिवाही विझला. "आमच्या ओळखीच्या एका डिशवाल्याला हे शिकवायला मेलेल्या माणसाला यावं लागलं."

"झालं सुरू. खरी आहे का पण गोष्ट?"

"खोट्या सांगायला मला पगार मिळत नाही. त्याने स्वतः सांगितली, माझ्या दुकानात बसून."

मग काकांनी सांगितलं ते असं.

माझं नटबोल्टचं दुकान होतं, तेव्हा हा डिशवाला गिऱ्हाईक. लागतील तितके बोल्ट कधी न्यायचा नाही. एखाददुसरा कमीच. मी म्हणायचो, अरे, भोकं चार आहेत. तो म्हणायचा, चालेल. गंज न धरणारे ने म्हटलं तर साधे चालतील. शेवटी आम्ही त्याचं नावच चालेलशेठ ठेवलं. त्याला ते आवडलं. त्याला वाटलं, कौतुक आहे.

त्याची काम करायची तऱ्हा ऐका. डिशवाल्याकडे सिग्नल मोजायचं छोटं मीटर असतं. डिश केसभर केसभर फिरवायची, आकडा सगळ्यात वर जाईल तिथे थांबायचं आणि आवळायचं. हा शहाणा मीटर स्कूटरच्या डिकीत ठेवून वर चढायचा आणि छपरावरून ओरडायचा, "आलं का?" खालून घरातलं कोणीतरी ओरडायचं, "आलं." आलं म्हटलं की आवळलं, आणि हा खाली. चहा प्यायला तयार.

आता चित्र यायला लागतं ती जागा आणि सिग्नल पुरेपूर मिळतो ती जागा, यात थोडं अंतर असतं. उन्हात ते कळत नाही. आभाळ भरून आलं, पावसाचा पडदा मध्ये आला, की सिग्नल अशक्त होतो. ज्याच्याकडे शिल्लक आहे तो तगतो. जो काठावर उभा आहे तो पहिला पडतो. चालेलशेठची सगळी गिऱ्हाइकं काठावर. नुसतं झाकोळलं तरी त्यांच्या घरात अंधार.

"पण जोराच्या पावसात सगळ्यांचंच जातं ना?" भाचीने विचारलं.

जातं. सर ओसरली की परत येतं. याचं गेलं की रात्रभर जायचं. आणि फोन केला की याचं उत्तर ठरलेलं: "निसर्ग आहे हो. निसर्गापुढे कोणाचं चालतं?" स्वतःच्या आळसाचं ओझं निसर्गाच्या डोक्यावर इतकं बिनधास्त टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याच्या गिऱ्हाइकांत एक मास्तर होते. शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. जन्मभर कपडे शिवले आणि म्हातारपणी दोन्ही पाय गेले. पलंग, समोर भिंतीवर टीव्ही, उशाशी रिमोट. घरात मुलगा आणि सून. मुलगा मासेमारीच्या बोटीवर, गेला की आठवडा आठवडा समुद्रात. म्हणून मास्तर एकच गोष्ट बघायचे: हवामान. वारा कुठून, लाटा किती, वादळ कुठे सरकतंय. सिनेमा नको, गाणी नकोत. सुनेने मालिका लावली तरी मध्येच म्हणायचे, "जरा समुद्र लाव गं."

आणि समुद्र खवळला, की नेमका तेव्हाच याच्या कृपेने टीव्ही आंधळा.

डिश बसवताना खालून मास्तरच ओरडले होते. आवाज खणखणीत. पण ते "आलं" म्हणून सोडणारे नव्हते. म्हणायचे, "आलं, पण थरथरतंय. एक सूत डावीकडे घे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शिवणाऱ्या माणसाची सवय. चालेलशेठ वरून हसला. "मास्तर, ही डिश आहे, पॅन्ट नाही." आणि आवळून उतरला.

पुढे मास्तर तक्रार करायचे, तेव्हा हा काय म्हणायचा माहीत आहे? "पावसाची बातमी बघायला टीव्ही कशाला हवा? खिडकी उघडा." हा विनोद त्याने माझ्या दुकानात तीनदा सांगितला. तिन्ही वेळा एकटाच हसला.

मग ते मोठं वादळ आलं. मुलगा समुद्रात. दुपारीच चित्र गेलं. सुनेने फोनवर फोन केले, "दादा, काहीही करा, बाबा जेवत नाहीयेत." हा म्हणाला, "वहिनी, निसर्ग आहे." संध्याकाळी मोबाइलचे टॉवरही बसले, बोटीशी बोलणं नाही. म्हातारा रात्रभर त्या निळ्या पडद्याकडे बघत राहिला. सून सांगते, मध्येमध्ये विचारायचे, "आलं का?" ती म्हणायची, "नाही बाबा." पहाटे तिचा डोळा लागला. उठून बघते, तर मास्तर संपलेले. डोळे उघडे. टीव्हीकडे.

मुलगा दुपारी धडधाकट घरी आला. बोट आदल्या दिवशीच दुसऱ्या बंदराला लागली होती. टीव्हीवर सांगितलंही होतं म्हणे. बोटींच्या नावानिशी.

"चालेलशेठ मातीला गेला होता?" भाचीने विचारलं.

पाऊस होता ना. निसर्ग.

पुढे मुलगा आणि सून बंदराजवळ राहायला गेले. घर भाड्याने दिलं. सप्टेंबरातला शेवटचा गुरुवार. भाडेकरू संध्याकाळी सामान घेऊन येणार होते, आणि सुनेने याला सांगितलं, वाऱ्याने डिश फिरली आहे, तेवढी सरळ करून द्या. साधं काम. हा सात वाजता पोचला. उजेड सरत आलेला, पाऊस नाही, पण हवा जड. याने नेहमीप्रमाणे मीटर डिकीत ठेवलं, फोनही ठेवला. पुढच्या दाराकडे न बघता मागच्या लोखंडी शिडीने वर गेला. डिश भलत्याच दिशेला तोंड करून होती. याने बोल्ट सैल केले आणि हाक दिली, "टीव्ही लावलाय का?"

खालून आवाज आला. "हं."

भाडेकरू आले म्हणायचे. याने डिश फिरवली.

"आलं का?"

"नाही."

आणखी फिरवली.

"आता?"

"नाही अजून."

पाऊस सुरू झाला. एरवी हा पहिल्या थेंबाला खाली पळणारा. पण भाडेकरू नवे, पहिल्याच दिवशी नाट नको म्हणून थांबला. जराशाने खालून आवाज आला, "आलं." हा पाना लावून आवळणार, एवढ्यात...

"आलं, पण थरथरतंय."

याचा हात थांबला.

"एक सूत डावीकडे घे."

पाऊस वाढला होता. म्हणून नीट ऐकू आलं नसेल, असं त्याने स्वतःला समजावलं. स्वतःला समजावण्यात तो पटाईतच होता. त्याने घाईघाईने एक बोल्ट अर्धवट आवळला आणि ओरडला, "चालेल. पाऊस आहे. उद्या बघू."

खालून काही नाही.

मग सावकाश...

"नाही."

याने पाना तिथेच टाकला. शिडीकडे गेला. वाकून पाय पहिल्या पायरीवर ठेवला. खाली बघितलं. अंधार. पावसाचा आवाज. आणि शिडीच्या तळाशी, अगदी तळाशी...

"अजून नाही."

आतापर्यंत आवाज खोलीतून येत होता.

मास्तरांना चालता येत नव्हतं. हे त्याला तेव्हा आठवलं.

"मग?" भाचीने पाय वर घेतले होते.

मग काय. पाय वर ओढून घेतला. उडी मारावी तर खाली फरशी. ओरडावं तर शेजारी खिडक्या लावून बसलेले. वीज चमकली तेव्हा शिडीपाशी कोणी नव्हतं. अंधार झाला की... तिथे कोणीतरी वाट बघत होतं. तेवढं त्याला कळत होतं.

तो डिशपाशी परत गेला. गुडघ्यांवर. दोन्ही हातांनी डिश धरली. एक सूत डावीकडे.

"आता, मास्तर?"

"अर्धं सूत वर."

त्याने वर केली. पाणी डोळ्यांत जात होतं. पुसलं नाही.

"आता?"

काही नाही.

"मास्तर... आता?"

काही नाही. नुसता पाऊस. तो म्हणतो, तेवढा लांबलचक वेळ माझ्या आयुष्यात दुसरा गेला नाही. डिश सोडायची हिंमत होईना. श्वास घेतला तर हलेल, म्हणून श्वासही धरलेला. मनगटं बधिर झाली.

मग आवाज आला. खालून नाही. शिडीपासून नाही. डिशच्या पलीकडून. हातभर अंतरावरून. हळू.

"आलं."

...

"दिसतंय."

त्यानंतर काही नाही.

त्याने चाचपडत पाना शोधला. सगळे बोल्ट आवळले. एकेक. पुढे फिरेनात इतके. जन्मात पहिल्यांदा. मग कसा उतरला ते त्याला आठवत नाही. पुढच्या बाजूला आला, तर दाराला बाहेरून कुलूप. डिकीतून मोबाइल काढून खिडकीतून उजेड टाकला. खोली रिकामी. पलंग नाही. टीव्ही नाही. भिंतीतून आलेली केबल जमिनीपर्यंत लोंबत होती, तिचं टोक कशालाही जोडलेलं नव्हतं. फोनवर भाडेकरूचा मेसेज होता, हा पोचायच्या आधी आलेला: रस्त्यावर पाणी आहे, आज येत नाही, उद्या सकाळी येतो.

"मनाचे खेळ," पुतण्या म्हणाला. पण आवाज खाली आणून म्हणाला.

असेल. मीही त्याला तेच म्हणालो. मला त्याची दया वगैरे आली नव्हती. उलट म्हटलं, जिवंत माणसाने हात जोडले तेव्हा तुला निसर्ग आठवला, आणि मेल्याने दटावलं तर अर्धं सूतही कळलं तुला. भाडेकरूंनी दुसऱ्या दिवशी टीव्ही लावला. चित्र असं, की स्वच्छ काचेतून बघावं. पुढच्या पावसाळ्यात गल्लीतले सगळे टीव्ही गेले, त्यांचा गेला नाही. यातही मी भूत मानत नाही. डिश नीट बसवली की असंच होतं. कोणीही करू शकतं. करत नाहीत, एवढंच.

"मग भूत कुठे आहे यात?"

सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चालेलशेठ मला सोबत घेऊन गेला. एकट्याला वर जायचं धैर्य नव्हतं. डिशच्या तोंडाशी केबल जोडतात, त्या सांध्यात पाणी शिरलं की काम बिघडतं. म्हणून त्यावर टेप गुंडाळायची असते. याने ती तिथे कधीच लावली नव्हती, आणि रात्री तर टेपची गुंडाळी डिकीतच राहिली होती.

सांधा बंद होता.

टेपने नाही. दोऱ्याने. काळा दोरा, मेण लावलेला, टाक्याला टाका भिडवून घातलेला. कोटाच्या काजाला घालतात तसा. मी नखाने उकलून बघायचा प्रयत्न केला. सुरुवात सापडेना, शेवट सापडेना.

आणि गाठ कुठेच नव्हती.