मेलीला मेली म्हटलं

मधुमतीबाईंच्या तोंडात एक शब्द कायमचा मुक्कामाला होता. मेला. थंडी मेली, सरकता जिना मेला, आणि लंडनजवळच्या ईलिंगमधल्या लेकाच्या घरातले ते गरम-गार वेगवेगळे नळ, तेही मेलेच. रागाने नव्हे हो! माया जितकी जास्त, तितका शब्द पक्का. नात तनू म्हणजे त्यांचा जीव की प्राण, त्यामुळे तिला दिवसातून पन्नासदा 'मेले' अशी हाक. तनू लंडनमध्येच जन्मलेली. तिला वाटायचं, हे आजीने ठेवलेलं आपलं नाव. हाक आली की इमानाने 'ओ' द्यायची.

"आई, पोरीला असं म्हणू नकोस गं," अजय म्हणायचा.

"तुला मेल्या म्हणूनच वाढवला. झालं का काही वाईट?"



दोन हजार चारच्या नोव्हेंबरात अजयने रजा टाकून दोघींना टॉवर ऑफ लंडन दाखवायला नेलं. बाईंनी मुकुट बघितले, डोमकावळे बघितले ("मेले केवढे माजलेत!"), माणसांची मुंडकी उडवायची ती जागा बघून हळहळल्या, आणि लगेच पिशवीतून दशम्यांचा डबा काढला. एकूण स्वारी खूश होती.

बाहेर पडल्यावर मात्र गुडघे कुरकुरायला लागले. मागच्या गल्लीत एका जुन्या चर्चचं छोटंसं आवार होतं, आत बाक, आणि भिंतीवर सोळाशे पासष्टच्या प्लेगात तिथे पुरलेल्यांची पाटी. "बसा दोघी, मी कॉफी आणतो," म्हणून अजय गेला. चारच वाजले होते, पण तिकडचा नोव्हेंबर तो, अंधारून आलंच. ओल्या मातीचा वास येत होता. रस्त्यावरच्या बसचा आवाज भिंतीच्या आत येतच नव्हता.

बाकाच्या टोकाला एक तरुण बाई बसली होती. लांब राखाडी झगा, डोक्याला घट्ट पांढरं फडकं. टॉवरमध्ये असे जुने कपडे घालून माहिती सांगणारे बरेच भेटले होते. त्यातलीच ही, ड्यूटी संपवून बसलेली, असं बाईंनी ठरवून टाकलं. पण हात बघवेनात, थंडीने निळे पडलेले.

"अगं मेले, अंगावर काही घ्यायचं नाही का?" म्हणत त्यांनी आपली अर्धी शाल तिच्यावर टाकली.

ती दचकली. तनूकडे वळून हळूच काहीतरी बोलली. बाईंना इंग्रजी कळायचं, पण हिचं काही वेगळंच होतं.

"आजी, तो विचारते, मेले म्हणजे काय?"

"तो नाही गं, ती. सांग की."

शनिवारच्या मराठी शाळेत तनूला 'मरणे' नुकतंच शिकवलं होतं. मेला, मेली, मेले. तिने आठवून आठवून इंग्रजीत चोख सांगितलं, "आजी म्हणते, तुम्ही मरून गेलात."

"अगं, काय सांगितलंस हे मेले!" बाई ओशाळल्या.

ती बाई रागावली नाही. आपल्या हातांकडे बघत बसली. मग पुटपुटू लागली, आणि तनू अडखळत सांगू लागली.

"ती म्हणते... दारावर लाल फुली काढली... बाहेरून कुलूप लावलं... तिची मुलगी खूप खोकत होता... मग कोणी काही सांगितलंच नाही... आजी, ती थँक यू म्हणते. आता तिला कळलं."

बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. शाल दोघींवर होती, पण त्या बाजूने ऊब म्हणून येत नव्हती.

"आणि..." तनूचा आवाज बारीक झाला. "ती म्हणते, आजी तुलापण तेच म्हणाली... मग तू माझ्याबरोबर चल... माझी मुलगी एकटी आहे..."

निळा हात तनूच्या मनगटावर होता. अगदी हळुवार, आईचा असतो तसा.

"आजी, मला थंडी वाजतो..."

मधुमतीबाई ताडकन उठल्या. गुडघे गेले उडत! त्यांनी तनूचा दुसरा हात घट्ट धरला. "नाही गं बाई! ही जिवंत आहे माझी! शंभर वर्षं जगायचीय तिला! माझ्या जिभेला हाड नाही... तनू, सांग तिला, लाडाने म्हणते म्हणावं! जीव लावते ना, त्यांनाच म्हणते!" डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

तनूने सांगितलं.  मग त्या बाईने हात सोडला, तनूच्या गालावरून एक बोट फिरवलं, आणि ओठ हलवून तो शब्द म्हणून बघितला. "मेले..." नवं नाव मिळावं तशी हसली.

अजय कॉफी घेऊन आला तेव्हा बाकावर शालीचं टोक लोंबत होतं. बाकी कोणी नव्हतं.

बाईंनी कानाला खडा लावला. तनूला आता 'सोने', आणि थंडीला नुसतंच थंडी. आई सुधारली म्हणून अजय हवेत, घरात नुसता आनंदीआनंद. पण म्हणतात ना, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. रविवारी हॉलमध्ये वाती वळता वळता बाईंना दूध उतू जायचा वास आला.

"अगं मेले, गॅस बंद कर!"

"ओ!" तनू वरच्या खोलीतून ओरडली.

"ओ..." स्वयंपाकघरातून आवाज आला, आणि गॅसचं बटण खट्कन फिरलं.

बाईंच्या हातातली वात तशीच राहिली. तेवढ्यात स्वयंपाकघरातूनच आणखी एक 'ओ' आला. इवलासा, खोकत खोकत.