गवतावरची बॅटरी

भोरचे लोक आमच्या मोटारीला ‘मास्तरांचं बिऱ्हाड’ म्हणत. मोजणीखात्यातल्या एका साहेबाने जुन्या लॉरीवर लाकडी खोली चढवून घेतली होती. आत झोपायला दोन बाकं, छताला एक छोटा दिवा. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती मी विकत घेतली आणि पुस्तकं वाचून तिची दुरुस्ती शिकलो. शिकलो, असं मला वाटत होतं.

त्रेचाळीस साली, कार्तिकात, बायकोला, सौदामिनीला घेऊन वेल्ह्याकडे गेलो. पेट्रोल रेशनवर होतं, ते थोडं थोडं साठवलं होतं. तिला तोरणा पायथ्यापासून तरी पाहायचा होता. तो पाहून झाला आणि तिला ताप भरला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला ओळखेनाशी झाली. भोरच्या दवाखान्यात पोचायलाच हवं होतं, आणि ओढ्याच्या उतारावर मोटार बंद पडली.

स्टार्टर दाबला तर नुसता ‘टक्’ असा आवाज. हॉर्न मुका. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा बुरा खरवडला, तारा घट्ट केल्या, प्लग पुसून पुन्हा लावले. हँडल मारून मारून तळहात सोलवटले. शेवटी बॅटरी उतरवून गवतावर ठेवली. आत पाण्याचा थेंब नव्हता, पत्रे वाकले होते. या मोटारीला ठिणगी बॅटरीतूनच मिळते. म्हणजे आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी मोटारीत डोकावलो तेव्हा विजेच्या मीटरचा काटा हलत होता. बॅटरी गवतावर, तारा लोंबकळलेल्या, आणि काटा जरासा उजवीकडे सरकून थांबला. चष्मा पुसून पाहिलं. माझ्या डोळ्यांवर माझा फारसा विश्वास नाही, म्हणून ते तिथेच सोडून दिलं.

मोटार अडलेली वरून दिसली म्हणून वरच्या वाडीतला कोंडिबा ती ओढायला बैलजोडी घेऊन आला. लांबून मोठ्यानं बोलत येत होता. एवढं घर गळ्यात बांधून हिंडण्यापेक्षा मास्तरांनी गोगलगायच पाळायची, असं काहीतरी. उतार लागला तसा गप्प झाला. बैल मोटारीपासून लांबच अडले. तो नुसती जीभ वाजवून त्यांना बोलावू लागला. मी म्हटलं, नाव घेऊन ‘ये’ म्हण की, येतील.

“हितं कुनाला ये म्हनत न्हाईत, मास्तर,” तो हळू म्हणाला. “येतंय मग.”

“काय येतं?”

“तुमी शिकल्याली मानसं. कशाला इचारता?”

बैलांनी शेवटपर्यंत पाऊल टाकलं नाही. वाडीतून चार गडी आणि झोळी आणतो, बाईंना खांद्यावर नसरापूरपर्यंत नेऊ, असं सांगून तो बैल घेऊन परतला. जाताना एकदाही मागे बघितलं नाही.

डोंगराआड ऊन गेलं. मी तिचा हात धरून बाकावर बसलो. हात भाजत होता. मग भाजेनासा झाला. तिचा श्वास मधेच अडे आणि पुन्हा सुरू होई. दर खेपेला जास्त वेळ अडे.

एकदा अडला तो सुरूच झाला नाही.

मी धावत पुढे गेलो आणि हँडल मारू लागलो. त्याचा उपयोग नाही हे मला ठाऊक होतं. तरी मारत राहिलो.

“ये,” मी म्हटलं. “ये गं, ये.”

मोटारीला म्हटलं की तिला, हे मला आजही ठरवता येत नाही.

ओढ्याच्या पाण्याचा आवाज थांबला.

आतला दिवा पेटला. कुणीतरी वात वर करावी तसा, सावकाश.

हॉर्न एकदाच वाजला, दबका.

मग माझ्या हातातलं हँडल आपोआप फिरलं आणि इंजिन सुरू झालं.

बॅटरी गवतावरच होती.

मार्गासनी गेलं, नसरापूर गेलं. मागे वळून बघायचा मला धीर झाला नाही. कापूरहोळच्या वळणावर मागून आवाज आला. स्वच्छ आवाज, तापाचा मागमूस नसलेला.

“त्र्यंबक, सावकाश.”

भोरला डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली. ताप नव्हता, अशक्तपणाही नव्हता. मास्तर उगाच घाबरतात, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी बाहेरच्या बाकावर बसून रडलो. ती होती. मला दुसरं काही नको होतं.

ती पूर्वीसारखाच स्वयंपाक करते, माहेरच्यांची विचारपूस करते, माझ्या पुस्तकांना हसते. इतक्या वर्षांच्या संसारात सौदामिनीने उखाण्याखेरीज माझं नाव कधी घेतलं नव्हतं. आता ती मला नावाने हाक मारते, अरेतुरे करते. आमच्या शुभाला त्याचं कौतुक वाटतं. आई सुधारली, म्हणते.

मी लगेच ओ देतो. कधी वाचण्याच्या नादात राहून गेलं, तर ती पुन्हा हाक मारत नाही. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद होतो, चुलीतली लाकडं तडतडायची थांबतात, आणि मी ओ देईपर्यंत सगळं तसंच असतं.