चिंचेवरून पडलेली मुलगी

१९९६च्या जानेवारीत डॉ. तस्नीम पेणजवळच्या मिठागरवाल्यांच्या गावात रक्ताचे नमुने घेत होती. रक्तातल्या एका आनुवंशिक खुणेवरून म्हातारपणीच्या विस्मरणाचा धोका आधीच ओळखता येतो का, हे तिला तपासायचं होतं. तिचे अब्बा शेवटी स्वतःचं नावही विसरले होते, म्हणून नमुन्यांबरोबर तिने गुपचूप आपलंही रक्त पाठवलं.

बायजाबाई पोटच्या मुलाला, काळुरामला, ओळखत नव्हती. सुई टोचताच तिने तस्नीमचं मनगट घट्ट धरलं.

"चिंचेवरून परलीस तवा लय रगत गेला गो तुजा."

तस्नीम हसली. असे रोगी मनचं काहीबाही रचतात. ती कधी झाडावर चढलीच नव्हती.

रविवारी रोह्याला घरी गेल्यावर तिने अम्मीला ही गंमत सांगितली. मासळी साफ करता करता आमनाबी थांबल्या. हात धुऊन त्यांनी लेकीचे केस बाजूला सारले आणि तिचं बोट टाळूवरच्या जुन्या व्रणावर ठेवलं.

"विसरलीस? अब्बांनी खांद्यावर टाकून पळत नेलेलं तुला."

तस्नीमने आठवून पाहिलं. चिंच आठवेना. अब्बांचा खांदाही आठवेना.

पुढे अहवाल आले. बायजाबाईला ती खूण आई आणि बाप, दोघांकडून मिळाली होती. तस्नीमच्या रक्तात त्या खुणेचा मागमूस नव्हता. तिला हायसं वाटलं.

ती पुन्हा गावात गेली तेव्हा बायजाबाई ओटीवर तांदूळ निवडत होती.

"आय सुधारली, डॉक्टर," काळुराम म्हणाला. "माना नावानं हाक मारते."

हा आजार मागे फिरत नसतो. तस्नीमने साधे प्रश्न विचारले, उत्तरं चोख आली. मग बायजाबाई आपणहून बोलू लागली. अब्बांच्या रुमालाला येणारा अत्तराचा वास, कुंडलिकेच्या पुरात वाहून गेलेली शेळी, अम्मीची अंगाई. तस्नीम सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकत राहिली.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगल कोन? माजाच हाय ता."

तस्नीमने पिशवी उचलली आणि रोह्याची एस.टी. पकडली. अम्मीला विचारायलाच हवं होतं.

नागोठणं मागे पडलं. काय विचारायचं होतं, ते निसटलं.

रोह्यात तिचे पाय एका दाराशी थांबले.

दार उघडणारी बाई मायाळू चेहऱ्याची होती. तिने पिशवी घ्यायला हात पुढे केला.

तस्नीमने पिशवी मागे ओढली, आत पाहिलं. सुया, बाटल्या, कापूस. काम लक्षात आलं.

"नमस्कार. मी डॉक्टर तस्नीम," ती अदबीने म्हणाली. "तुमच्या घरात कुणाला विसरण्याचा आजार आहे का?"