भोवत्याच्या घरट्यापासून दहा पावलं

दादाच्या वहीत यंदाच्या अंड्यांचा आकडा भरायचा, एवढ्यासाठी आम्ही दलदलीत उतरलो. भोवत्या या दलदलीतल्या शिकारी पक्ष्याची अठरा वर्षांची टिपणं दादाने एकट्याने लिहिली आणि यंदा फेब्रुवारीत तो गेला. आकड्याशिवाय संग्रहालय वही छापणार नव्हतं. वहिनीला ती छापून हवी होती. मला काहीच नको होतं. धड भूकही लागत नव्हती.

नावाड्याने बोरूच्या उंच गवताच्या कडेला होडी लावली. हा पक्षी झाडावर नाही, बोरूच्या दाटीत जमिनीवरच घरटं करतो. वर नर पंख किंचित उचलून घिरट्या घालत होता. तेवढ्यात खालून मादी उठली. नराने पंजातला उंदीर सोडला, मादी हवेतच उलटी झाली आणि तिने तो झेलला! मग ती जिथे उतरली, ती जागा आम्ही हेरली.

मी बोरू आडवा करत निघालो, मागे वहिनी. शंभरेक पावलं गेलो आणि पाय खाली गेला. गुडघा. मांडी. कंबर! मी ओरडलोही नाही. बरं, असं होय, एवढंच मनात आलं. वहिनी पोटावर आडवी झाली आणि तिने काठी पुढे सरकवली.

"धरा भाऊजी! एका वर्षात दोघं नाही जायचं."

मी धरली. नावाडी धावत आला, दोघांनी मला ओढून काढलं.

घरटं दहा पावलांवर होतं. नावाडी मात्र मागे पाहत होता. होडीपासून इथवर आमची वाट सरळ पडली होती. अशा वाटेने खोकड अंडी खायला थेट घरट्यात शिरतं, तो म्हणाला. आधी आम्ही त्याला विचारलंच नव्हतं.

वहिनीने चिखलाच्या हातांनी वही उघडली. दर वर्षी अंड्यांची मापं, आणि खाली तीच ओळ: 'आठ दिवसांनी घरटं रिकामं. कारण कळत नाही.' फक्त एका साली वेगळं होतं: 'ताप. जवळ गेलो नाही. तीन पिल्लं उडाली.'

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"चला मागे," वहिनी म्हणाली. छपाईचं काय, मी विचारलं.

"राहू दे."

परतताना जमेल तेवढा बोरू आम्ही उभा केला. होडीत तिने विचारलं,

"ह्यांना कुणी सांगितलं असतं, तर ऐकलं असतं ना त्यांनी?"

मी हो म्हणालो. दादाने जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं.