सिल्येचं रक्त कुठे जात होतं

दुपारच्या जेवणाची सुट्टी होती आणि खिडकीबाहेर मिट्ट काळोख होता. उत्तर ध्रुवाजवळच्या ह्या किनाऱ्यावर ऐन हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही, त्यामुळे तुरीदला त्याचं काही वाटत नसे. माशाच्या सूपचा वाडगा घेऊन ती कॅन्टीनमध्ये नुकती टेकली होती, तेवढ्यात प्रसूती विभागातून फोन आला.

"जेवण राहू दे, तुरीद. बाळंतीण हातची जातेय."

तुरीद रक्तवाहिन्यांची डॉक्टर होती. पोट फाडायचं नाही. जांघेत सुई टोचायची, शेवयीएवढी बारीक नळी धमनीतून आत सरकवायची, रंग सोडून क्ष-किरणांच्या पडद्यावर फुटलेली जागा शोधायची आणि तिथेच बूच मारायचं. आजवर तिने अनेक बाया अशा परत आणल्या होत्या.

बाळंतिणीचं नाव सिल्ये. पहाटे मुलगी झाली होती. रक्त चढवलं जात होतं, पिशवीमागून पिशवी, आणि तरी तिचे ओठ मेणासारखे पांढरे पडत चालले होते.

"केवढा रक्तस्राव होतोय?" तुरीदने विचारलं.

सोबत आलेल्या प्रसूतीच्या डॉक्टरने मान हलवली. "तेच तर. सकाळपासून एक थेंब बाहेर आला नाही. पोटातही साचलेलं नाही. नुसतं कमी होत चाललंय."

"असं कसं होईल? शरीरात रक्त हरवत नाही."

"मग तूच शोध, बाई."

सिल्येला अरुंद टेबलावर निजवलं. दोन्ही हात आधाराला बांधले, अंगावर निर्जंतुक चादरी पसरल्या. ती पूर्ण जागी होती. ओडनी ही जुनी परिचारिका तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "रंग सोडला की पोटात ऊन ऊन वाटेल हं, राणी. घाबरायचं नाही. आणि अजिबात हलायचं नाही."

नळी गर्भाशयाच्या धमनीच्या तोंडाशी पोचली. फोटो काढायच्या वेळी खोलीत रुग्णाशिवाय कुणी थांबत नाही. सगळे जाड काचेच्या भिंतीआड गेले. दार बंद झालं. आत उरली फक्त यंत्राची घरघर आणि दिव्याखाली एकटी सिल्ये.

"श्वास रोखून धर," तुरीद माइकमध्ये म्हणाली.

पडद्यावर रंग धावला. हे यंत्र हाडं पुसून टाकतं, मांस पुसून टाकतं, फक्त वाहतं रक्त दाखवतं. गर्भाशयाभोवती काळ्या वेलीसारखी धमनी उमटली. तिच्यातून एक फाटा फुटला होता. तो गर्भाशयाकडे वळला नाही. सरळ वर, पोटाच्या कातडीबाहेर निघून गेला, जिथे नुसती हवा होती.

"सोड श्वास."

स्पीकरमधून सिल्येचा क्षीण आवाज आला. "ओडनी... पोटावर हात नको ना ठेवूस. किती गार आहे गं तुझा हात..."

ओडनी तुरीदच्या शेजारी उभी होती. तिच्या हातातलं पेन खाली पडलं.

तुरीदने आत जाऊन चादर उचलून पाहिली. पोट मऊ, ढिलं, रिकामं. खोलीत किंचित ओल्या लोकरीचा वास येत होता. तिने नळी थोडी पुढे सरकवली आणि पुन्हा काचेआड आली.

दुसऱ्यांदा रंग धावला. फाटा पोटाबाहेर निघाला, जाडसर झाला, मग पसरला. आधी मनगट. मग तळवा. मग एकेक करून पाच बोटं, अगदी टोकांपर्यंत, सिल्येच्या रक्ताने भरून काळी होत गेली.

"आता गरम झालाय..." सिल्ये पुटपुटली.

"बंद कर ते, तुरीद," ओडनी कुजबुजली. "लवकर बंद कर."

बूच मारायला टेबलाशीच उभं राहावं लागतं. तुरीदने शिशाचा जड अंगरखा सावरला, बूच म्हणून सोडायच्या स्पंजच्या बारीक तुकड्यांची सिरिंज नळीला जोडली आणि पडद्याकडे पाहिलं. पडद्यावरची बोटं मिटली. त्याच क्षणी तिच्या चिमटीतली नळी आत ओढली गेली. हलकेच, पण ठामपणे. दुसऱ्या टोकाने कुणीतरी धरली होती. उलट ओढावं तर धमनी फाटणार, सोडावी तर... तुरीद नुसती धरून उभी राहिली. एवढ्या वर्षांचं कसब त्या दोन बोटांत थिजून गेलं होतं.

"ती विचारतेय," सिल्ये म्हणाली, "बाळाचं नाव काय ठेवलं."

"सांगू नकोस! नाव कळलं की ती बाळाकडे जाईल!" ओडनी ओरडली.

सिल्येने डोळे मिटले. त्यांच्या कडांतून पाणी ओघळलं.

"...सांगितलं मी."

नळी एकदम सैल पडली. तुरीदने घाईने पुन्हा रंग सोडला. फाटा नव्हता. हात नव्हता. निरोगी धमनी, जशी पुस्तकात असते. सिरिंजमधला स्पंज जसाच्या तसा होता. तिने काहीच केलं नव्हतं. हळूहळू सिल्येचा रक्तदाब चढू लागला. प्रसूतीचा डॉक्टर तुरीदच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जिंकलीस गं!" तिने भरलेली सिरिंज तशीच ट्रेमध्ये ठेवली.

वरच्या मजल्यावर सिल्येचा नवरा आयविंद बाळाला छातीशी धरून बसला होता. बायको वाचली हे ऐकताच तो रडायला लागला.

"ही पण रडत होती," डोळे पुसत तो म्हणाला. "जन्मल्यापासून थांबतच नव्हती. आत्ता, थोड्या वेळापूर्वी, एकदम शांत झाली. बघा ना, कशी झोपलीय."

तुरीदने वाकून पाहिलं. मुलीची उजवी मूठ दुपट्याबाहेर होती. ती पुरती मिटलेली नव्हती. चिमुकली बोटं कशाभोवती तरी वळलेली असावीत तशी गोल होती, आणि मधे मोठ्या माणसाचं बोट सहज मावेल एवढी पोकळी होती.

तुरीदने आपली करंगळी त्या पोकळीत घालून पाहिली.

ती आत जाईना.